बिअरला घातलेलं पांघरूण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच हसलात तर गोष्ट तिथेच सोडून चहा प्यायला लागेन, हे आधी सांगून ठेवतो! माझ्या हातून आयुष्यात गाढवपणा पुष्कळ झाला, पण कोलोनमधल्या त्या बिअरच्या गाढवपणाला तोड नाही. आणि गंमत अशी की मी बिअर पीत नाही. तेव्हाही पीत नव्हतो. आता बोला!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी तिथे एका संस्थेत डॉक्टरेट करत होतो. विषय कोणता? भट्टीतली उष्णता वाया कशी जाऊ द्यायची नाही. म्हणजे तापमान ताब्यात ठेवणं हा माझा धंदाच! हे नीट लक्षात ठेवा, पुढे मला नावं ठेवताना उपयोगी पडेल.

सांगलीत माझं लग्न झालं आणि एकविसाव्या दिवशी मी मुंबईला बोटीत चढलो. त्या एकवीस दिवसांत घरात पाहुणेच सतरा. कुसुमशी, म्हणजे बायकोशी, माझं बोलणं झालं ते स्वयंपाकघराच्या दारात, 'ताक वाढू का' आणि 'वाढ' एवढंच. निघायच्या दिवशी तेवढी तिनं माहेराहून आणलेली, स्वतःच्या हातानं शिवलेली गोधडी माझ्या ट्रंकेत कोंबली आणि म्हणाली, "थंडी असते म्हणे तिकडे." लग्नानंतरचं तिचं सगळ्यात मोठं भाषण ते!

मग दोन वर्षं नुसती पत्रं. दर पंधरा दिवसांनी निळं एअर लेटर यायचं. टाकायच्या आधी ते घरातले सगळे वाचणार, मग बिचारी लिहिणार काय? पाऊस, पाणी, म्हशीचं दूध, सासूबाईंचा खोकला. आणि अगदी शेवटी एकच ओळ: 'खोलीचं काय झालं?'

लोकांच्या प्रेमपत्रात चंद्र असतो, फुलं असतात. माझ्या प्रेमपत्रात खोली होती. पण खरं सांगतो, त्या ओळीतल्या 'झालं'वरच्या अनुस्वारावरसुद्धा माझा जीव होता. ती ओळ वाचायची, पत्र घडी करायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा वाचायची. फार आठवण यायची हो तिची. आणि आठवायला तरी काय होतं माझ्याजवळ? एकवीस दिवस आणि ताक!

खोलीची भानगड अशी. बायकोला आणायचं तर नवराबायकोला पुरेल अशी जागा आहे, असं घरमालकिणीनं लिहून द्यायचं. मगच आउसलेंडरआम्टात, म्हणजे परदेशी माणसांच्या कचेरीत, कागद पुढे सरकणार. माझी खोली म्हणजे घरमालकीण फ्राउ एसरबाईंच्या स्वयंपाकघरावरचं खुराडं. शेजारी मात्र मोठी, दोन खिडक्यांची खोली होती. कायम बंद!

ती त्यांच्या नवऱ्याची खोली. हेर एसर, म्हणजे एसरसाहेब, युद्धावर गेले ते आलेच नाहीत. पण वारले असंही कुणी कधी लेखी कळवलं नाही. बाई दर शनिवारी ती खोली उघडायच्या, झाडायच्या आणि त्यांचे बूट पॉलिश करून ठेवायच्या. मी तीनदा धीर करून विचारलं होतं. तिन्ही वेळा एकच उत्तर: "नाइन, नाही, हेर कुलकर्णी. ती खोली रिकामी नाही."

एका छपराखाली आम्ही दोघं वाट बघणारे. मला निदान पत्रं तरी येत होती.

दर वर्षी फेब्रुवारीत नवऱ्याच्या वाढदिवसासाठी बाई त्यांच्याच कृतीनं घरी बिअर करायच्या. दुपारी चार वाजता त्यांचे तीन जुने मित्र यायचे. चार ग्लास भरायचे, चौथा रिकाम्या खुर्चीसमोर. त्या वर्षी बिअर मांडून झाली, यीस्ट घालून झालं, आणि बॉबलिंगेनहून तार आली. बहीण जिन्यावरून पडली, पाय मोडला. बाईंना दहाबारा दिवस जाणं भाग.

मला खाली बोलावलं. "हेर कुलकर्णी, तुम्ही तापमानाचे डॉक्टर ना?"

"अजून व्हायचोय."

"आल्झो, म्हणजे होणार ना? मग माझी बिअर सांभाळा. नीट झाली तर आल्यावर खोलीचं बोलू."

खोलीचं बोलू! अहो, माझे कान एवढे झाले! त्या क्षणी बाईंनी ऱ्हाइन नदी पालथी घाला म्हटलं असतं तर मी बाह्या सरसावल्या असत्या.

तळघरात एक दगडी भांडं होतं. बरणीच म्हणा, पण लोणच्याची नव्हे, वऱ्हाडाला पुरेल एवढी. बाई भराभर सांगत होत्या. "अठरा डिग्री. वर जाता कामा नये. गेनाऊ, अगदी नेमकं!"

"गेनाऊ!"

"बुडबुडे थांबले की बाटल्यांत भरायची. दर बाटलीत एक छोटा चमचा साखर. त्या साखरेचा बाटलीत गॅस होतो, मग फेस येतो. एकच चमचा!"

"या, या!" मी म्हटलं. त्यांच्या भाषेत 'हो, हो'.

बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला. बाई बॅग घेऊन जिना चढल्या आणि वरून, कोलोनच्या त्यांच्या त्या अर्धी अक्षरं गिळणाऱ्या बोलीत, ओरडल्या, "आणि नेहमी डेके द्राउफ!"

डेके म्हणजे पांघरूण. द्राउफ म्हणजे वर. वर पांघरूण घाला!

आता कुणाही जर्मन माणसानं जिन्यावर धावत जाऊन विचारलं असतं, 'बाई, बिअरला पांघरूण?' मी का विचारीन? आमच्या घरी थंडीत विरजण लावलं की आई पातेलं जुन्या धोतरात गुंडाळून चुलीशेजारी ठेवायची. आंबोळीचं पीठ असो, दही असो, जे आंबवायचं त्याला ऊब द्यायची, हे मला जन्मापासून ठाऊक. उलट मला त्या बाईंबद्दल एकदम माया वाटली. म्हटलं, बघा, शेवटी बाई ती बाई! सांगली काय आणि कोलोन काय, आंबवणं सगळीकडे सारखंच.

बाईंची पांघरुणं कपाटात कुलपात. मग काय करणार? मी माझी गोधडी आणली. कुसुमची. दोन वर्षं जिच्याशिवाय मला झोप आली नव्हती ती! नीट दुमडून, कडा आत खोचून, मी त्या भांड्याला गुंडाळली. कोपऱ्यात एक गोल लाकडी पाट उभा होता, तो घेतला आणि बसलो राखण करत. भिंतीवरचा थर्मामीटर बघितला. चौदा! वा! अठराच्या खूप खाली. तापमानाच्या डॉक्टरनं स्वतःची पाठ थोपटली.

अहो, भिंतीची चौदा डिग्री! बिअरची नव्हे! आंबताना ती स्वतः तापते, ही गोष्ट ज्याला कळायला हवी असा कोलोनमध्ये एकच माणूस पाटावर बसला होता, आणि तो भिंतीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तळघराचं दार उघडलं आणि मी जागच्या जागी थांबलो. वास! पिकलेल्या केळ्यांचा वास! थेट शिकरणाचा! लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी कुसुमनं शिकरण केलं होतं. वेलदोडा जास्त पडला म्हणून तिला बोलणी बसली होती, आणि मी मुद्दाम दोनदा मागून घेतलं होतं. तेव्हा तिनं एकदाच वर बघितलं होतं. बस्स. तेवढंच!

मी पाटावर बसलो, गोधडीला डोकं टेकलं आणि रडलो. चांगला मोठा, मिशी असलेला माणूस, एका बरणीला मिठी मारून रडतोय! आतून बुडबुड बुडबुड आवाज येत होता. मला वाटलं, तीच काहीतरी सांगतेय. 'खोलीचं काय झालं?' मी म्हटलं, होतंय गं, होतंय!

पुढे वाचून कळलं की या यीस्टला ऊब जास्त झाली की ते केळ्याचा वास सोडतं. म्हणजे ती बोंब होती, सुगंध नव्हता. पण तेव्हा मला कोण सांगणार?

सांगायला तिसऱ्या दिवशी बापट आला. बापट म्हणजे आमच्याच संस्थेतला पुण्याचा दोस्त, रंगांचा रसायनशास्त्रज्ञ. ज्ञान अफाट, विषय कुठलाही चालेल! तळघरात पाऊल टाकलं आणि त्याचा बूट फरशीला चिकटला. फेस भांड्यातून उतू जाऊन गोधडीखालून जिन्यापर्यंत आला होता.

"अरे कुलकर्ण्या, हे काय बाळंतपण मांडलंयस?"

"बिअर आहे. बाई सांगून गेल्यात, पांघरूण घाला."

"थर्मामीटर आत बुडवलास का?"

"भिंतीवर आहे की!"

बापटनं माझ्याकडे असं पाहिलं की माझी अर्धी डॉक्टरेट तिथेच परत घेतली. थर्मामीटर काढून बिअरमध्ये बुडवला. सत्तावीस!

"ताप चढलाय हिला! उचल!"

दोघांनी हुश्श हुश्श करत ते भांडं अंगणात नेलं आणि बर्फात मानेपर्यंत पुरलं. दोन दिवसांनी बघतो तर फेस बसलेला, बुडबुडे बंद, सगळं शांत. बापट म्हणाला, "झालं आंबून. भर बाटल्यांत." मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तिचं आंबणं झालंच नव्हतं हो! बर्फात ते यीस्ट गारठून नुसतं झोपलं होतं. गोडवा सगळा आत शिल्लक. आम्ही त्या झोपलेल्या यीस्टसकट चोवीस बाटल्या भरल्या. तारेच्या कडीनं घट्ट बसणारी चिनीमातीची बुचं असतात ना, त्या. आणि साखर?

"एक चमचा," मी म्हटलं.

"दोन घाल," बापट म्हणाला. "थंडीत बिचारीचा दम गेलाय."

मी सांगलीचा. पाहुण्यांसाठी करायचं आणि साखर मोजून घालायची? हात धजेना. मी दोन घातले, तेही शीग लावून!

चार दिवसांनी एक बाटली उघडून पाहिली. फेस नाही, बुडबुडा नाही. नुसतं गार गुळाचं पाणी. बाई तीन दिवसांवर. ही अशी बिअर त्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवायची? आणि मग खोलीचं बोलायचं कुठल्या तोंडानं? त्याच दिवशी कुसुमचं पत्र आलेलं. या वेळी शेवटची ओळ नव्हतीच. नुसतं 'कळावे' आणि सही. मी पत्र उलटं केलं, उजेडात धरलं. नव्हतीच. विचारायचंसुद्धा सोडलं तिनं, असं वाटलं.

मग माणूस काय करतो? ऊब देतो! उरलेल्या तेवीस बाटल्या मी माझ्या खोलीत आणल्या. शेगडीशेजारी खाट ओढली, बाटल्या गादीवर ओळीनं निजवल्या, वर गोधडी घातली आणि स्वतः ओव्हरकोट घालून जमिनीवर झोपलो. तीन दिवस! रोज विचारपूस करायचो, "बरं वाटतंय ना आता?"

बरं वाटत होतं. फारच बरं वाटत होतं!

बाई शनिवारी आल्या. तळघरात बाटल्या नाहीत म्हणाल्या, तर मी गूढ हसून सांगितलं, "उद्या चार वाजता. वर आहेत, खास व्यवस्थेत." बिचाऱ्या प्रवासानं दमल्या होत्या. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी.

रविवारी चार वाजता स्वयंपाकघरात टेबल मांडलं. तिघं मित्र आले, टोप्या काढून बसले. रिकामी खुर्ची. समोर ग्लास. बाईंनी निळा झगा घातला होता, केस नीट बसवले होते. मी चांगला कोट घालून वरून बाटल्या आणायला उठलो, आणि...

फट्!

डोक्यावर. मग फटाफट, फट्, फट्फट्फट्! एक फुटली की शेजारची फुटे. गणपतीच्या मिरवणुकीत माळ लावावी तसं! तिन्ही म्हातारे एका क्षणात टेबलाखाली. ते मी विसरणार नाही. युद्ध संपून पंधरा वर्षं होऊन गेली होती, पण त्यांच्या गुडघ्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. बाई तेवढ्या उभ्या होत्या, त्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. चेहरा पांढराफटक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग वरून थेंब पडला. मग धार. स्वयंपाकघराच्या छतातून बिअर गळायला लागली! बाईंनी वर बोट केलं आणि किंचाळल्या, "डी डेके! डी डेके!"

"या, या!" मी ओरडलो. "डेके घातलंय! तुम्ही सांगितल्यापासून घालतोय!"

"काय घातलंय?"

"पांघरूण! बिअरवर! डेके द्राउफ!"

सगळं थांबलं. टेबलाखालून तीन डोकी बाहेर आली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. जर्मनमध्ये छतालाही डेकेच म्हणतात, हे मला त्या दिवशी, डोक्यावर बिअर घेऊन, समजलं.

बाई अगदी हळू, शाळेतल्या पोराला सांगावं तसं म्हणाल्या, "हेर कुलकर्णी. डेकेल. डेके-ल्ल! झाकण! भांड्याचं लाकडी गोल झाकण!"

"गोल? लाकडी?" मी म्हटलं. "त्याच्यावर तर मी बसत होतो!"

टेबलाखालचा एक जण फुसकन हसला. मग दुसरा. वर जाऊन पाहिलं तर गादीचं सरोवर झालेलं, काचा सगळ्या त्या जाड गोधडीत अडकलेल्या. एकच बाटली भिंतीकडे लोळत गेली होती, ती वाचली. बाईंनी ती अंगणात नेऊन जपून उघडली. निम्मी फेसातच गेली. उरलेली चार छोट्या ग्लासांत ओतली. तीन त्यांना, एक खुर्चीला. मला कुणी विचारलंच नाही!

एकानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, म्हणाला, "केळी!" दुसरा डोळे पुसत म्हणाला, "तो असता तर आज हसून हसून मेला असता."

आणि फ्राउ एसरबाई हसल्या. दोन वर्षांत मी पहिल्यांदा बघत होतो. हसता हसता खाली बसल्या, नेमक्या त्या खुर्चीवर, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचं होतं की दुसरं, ते मी विचारलं नाही.

सगळे गेल्यावर गोधडी त्यांनी स्वतः धुवायला घेतली. मला हात लावू दिला नाही. एकेक काच वेचून काढताना त्यांनी त्या बारीक बारीक टाक्यांवरून बोट फिरवलं. "कुणी शिवली?"

"माझ्या बायकोनं."

"आणि तुम्ही ही माझ्या बिअरला दिलीत? या थंडीत?"

मी मान खाली घातली. त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, "बोलवा तिला. मोठी खोली घ्या. या घरात वाट बघायला एक माणूस पुरे."

बाईंनी नाक ओढलं आणि आवाज पुन्हा नेहमीसारखा केला. "आणि तुम्हाला एकटं ठेवणं माझ्या छताला झेपणार नाही!"

दुसऱ्या दिवशी कचेरीचा फॉर्म त्यांनीच भरला. जागा किती, खिडक्या किती. मग रकाना आला: पत्नीला बोलावण्याचं कारण. लोक तिथे 'एकत्र राहणे' वगैरे लिहितात. बाईंनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'नवऱ्यावर देखरेख ठेवण्याची नितांत गरज.' कचेरीतल्या माणसानं ते वाचलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काही न विचारता शिक्का मारला. एवढ्या झटपट तिथे कुणाचंच काम होत नसेल!

तोच कागद पुढे सांगलीला गेला. माझ्या सासऱ्यांनी पुण्याला जाऊन एका जर्मन येणाऱ्या प्राध्यापकांकडून त्याचं भाषांतर करून आणलं. हे मला कुठे ठाऊक?

कुसुम आली तेव्हा मी कोलोनच्या फलाटावर गाडीच्या दोन तास आधी उभा होतो. एक वाक्य पाठ केलं होतं. दोन वर्षं घोकत होतो ते! 'कुसुम, फार वाट बघितली गं तुझी.' गाडी आली. ती उतरली, शालीत गुरफटलेली, हातात ट्रंक, माझ्या आठवणीपेक्षा बारीक आणि कितीतरी देखणी. मी ते वाक्य मनात एकदा म्हणून घेतलं. तिनं माझ्याकडे नीट पाहून घेतलं, इकडे तिकडे कुणी मराठी नाही ना ते बघितलं, आणि डोळे भरून हळूच म्हणाली,

"अहो, तो कागद वाचल्यापासून बाबांनी अंथरूण धरलंय. माझी शपथ आहे, खरं सांगा. तुम्ही पिता का?"

आणि दोन वर्षं वाट बघितलेल्या माझ्या बायकोशी मी बोललेलं पहिलं वाक्य कुठलं? मी घाईघाईनं म्हणालो,

"छे गं, प्यायला उरलीच कुठे!"